मध्यरात्रीचं वादळ, संध्याकाळची तयारी

दिवस मावळला की वारा पडतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. पण तो जमिनीलगतचाच. उन्हं उतरल्यावर जमीन निवते, तिला चिकटून असलेली हवा गार आणि जड होऊन खाली बसते. दिवसभर जमिनीच्या घर्षणामुळे अडखळणारा वरचा वारा आता मोकळा सुटतो. काहीशे मीटर उंचीवर त्याचा वेगवान पट्टा तयार होतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तो ऐन भरात येतो. हा पट्टा दमट भागावरून येत असेल तर वादळी ढगांना रात्रभर बाष्प मिळत राहतं. अंगणात पानही हलत नसताना वर वादळ पोसलं जात असतं, ते असं. म्हणून सायंकाळच्या शांततेवर विसंबू नये. हवामान खात्याचा इशारा असेल तर तोच खरा मानावा.

त्यात माणसं झोपलेली. १९५० ते २००५ या काळात अमेरिकेतल्या टोर्नॅडोंपैकी (वादळी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे वाऱ्याचे भोवरे) रात्रीचे होते सुमारे २७ टक्के, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ३९ टक्क्यांच्या घरात होता. अंधारात संकट दिसत नाही, आणि इशारा येतो तेव्हा ऐकणारा गाढ झोपेत असतो.

गजराचा आवाजही इथे महत्त्वाचा. ३००० हर्ट्झच्या आसपासची बारीक टीं-टीं लहान मुलांना पुष्कळदा जागं करत नाही, आणि वय वाढतं तसे हे उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. ५२० हर्ट्झचा जाडसर, भरदार आवाज जास्त जणांना उठवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. उठल्यावरही डोकं लगेच चालत नाही. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही गुंगी राहते. नेमक्या त्याच मिनिटांत कुठे जायचं हे ठरवायला लागू नये. खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, मधली खोली संध्याकाळीच ठरवावी. उशाशी टॉर्च आणि बंद बूट असावेत. वीज गेलेली, काचा फुटलेल्या, आणि अनवाणी पाय: एवढ्यानेच माणूस जागच्या जागी अडकतो.

वस्तीसाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती जागण्याची पाळी. दहा-बारा घरांमागे दोघांनी आलटून पालटून जागायचं आणि इशारा येताच फोन लावायचे. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, कारण रात्री फोन सायलेंटवर असतात. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, कमी ऐकू येणारे यांची नावं कागदावर हवीत, आणि त्यांना झोपायच्या आधीच सुरक्षित खोलीत आणावं. वीज गेली की मोबाइल टॉवर काही तास बॅटरीवर तगतात, मग गप्प होतात. तेव्हा सेलवरचा रेडिओच कामाला येतो.

दार ठोठवायला जायचं असेल तर गडगडाट सुरू होण्याआधी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची तुमच्याजवळ पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास घरातच थांबावं. त्यानंतरही उजाडेपर्यंत रस्त्यावर उतरण्याची घाई नको: साचलेल्या पाण्यात तुटून पडलेली तार अंधारात दिसत नाही.