रेशमाला झालर कधी लागली?

जीन्सवर, सुती पँटवर, लांब स्कर्टवर आणि मनात आलं तर साडीवरही घालता येईल असा एखादा झालरीचा रेशमी ब्लाउज घरी शिवावा, असं पुष्कळ जणींच्या मनात असतं. कापड आणून होतं, मापं घेऊन होतात, आणि खडू हातात घेतल्यावर अडतं. झालर चुण्यांची करायची की गोल कापाची? गळ्याला लावायची की बाहीला? हे ठरवण्याआधी झालर आणि रेशीम यांची गाठ कशी पडली हे जाणून घ्यावं, असं मला वाटतं. ही जोडी आपण समजतो तितकी जुनी नाही, आणि रोजच्या वापरात यायला तर तिला फारच वेळ लागला.

या झालरीचा उगम सोळाव्या शतकातल्या युरोपातला, सदऱ्याच्या गळ्याशी. गळ्यातली नाडी ओढून बांधली की वरच्या काठाला चुण्या पडत. त्या डोळ्यांत भरल्या, म्हणून काठ रुंद होत गेला. पुढे तो सदऱ्यापासून सुटा झाला आणि मानेभोवती बांधायची वेगळी वस्तू बनला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चित्रांत मानेभोवती जे पांढरंशुभ्र चक्र दिसतं ते हेच. मात्र हे चक्र रेशमाचं नसे. ते तलम लिननचं असे, आणि त्याला कारण होतं. अंगाला लागणारी वस्तू वरचेवर धुवायलाच हवी. लिनन क्षाराच्या पाण्यात उकळता येई, त्याला कडक खळ देता येई, आणि तापवलेल्या सळ्यांवर एकेक चुणी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी बसवता येई. रेशमाला असं पुन्हा पुन्हा उकळणं सोसत नाही, आणि खळीने त्याची झळाळीच जाते. लंडनमध्ये १५६४ साली एक फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूची, बाई आली आणि पैसे घेऊन खळ करायला शिकवू लागली, अशी त्या काळच्या इतिहासकारांची नोंद आहे. खळ घालणं हे शिकवणी लावून शिकण्याचं कौशल्य होतं!

म्हणजे झालर मिरवणारा एक, आणि ती उभी ठेवण्यासाठी राबणारे हात दुसरेच. ज्याच्या घरी असे हात होते त्यालाच झालर परवडे. स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाने १६२३ साली या गळपट्ट्यांवर बंदी घातली ती याच उधळपट्टीला आळा म्हणून.

रेशमी झालर खऱ्या अर्थाने दिसते ती अठराव्या शतकातल्या फ्रेंच झग्यांवर. झग्याच्याच कापडाच्या पट्ट्या कापून, चुण्या घालून, गळ्याभोवती आणि घेरावर वळणावळणाने टाचलेल्या असत. काठ दुमडून शिवत नसत. दातेरी लोखंडी ठशाने ठोकून कापत, म्हणजे धागे निघत नाहीत. संग्रहालयांतल्या झग्यांवर ते दातेरी काठ आजही दिसतात. पण ते कपडे दरबारचे आणि मेजवान्यांचे.

रोजच्या कपड्यांकडे वळण लागलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही रेशमामुळे नव्हे. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या लाल सदऱ्यातल्या स्वयंसेवकांनी सिसिली जिंकलं. पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या बायका तशाच लाल लोकरी कापडाचा सैलसर सदरा स्कर्टवर घालू लागल्या. तोपर्यंत बाईचा वरचा आणि खालचा कपडा बहुतेक एकाच कापडाचा, एकमेकांसाठीच शिवलेला असे. आता वरचा कपडा सुटा झाला. एका स्कर्टवर तीन-चार ब्लाउज आलटून पालटून घालता येऊ लागले. आज आपण ‘कशावरही चालेल असा ब्लाउज’ म्हणतो, त्याची सुरुवात इथे आहे.

त्याच सुमाराला शिलाई यंत्र घरोघर पोहोचू लागलं होतं. एलायस हाउ याला १८४६ मध्ये पेटंट मिळालं, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये. यंत्राबरोबर मिळणाऱ्या सुट्या भागांत चुण्या घालणारा एक भाग असे. सुई खालीवर होताना तो कापड थोडं थोडं पुढे ढकलतो आणि प्रत्येक टाक्याला किंवा ठरावीक टाक्यांनंतर एक चुणी पाडतो. जे काम हाताने करायला दुपार जाई, ते काही मिनिटांत होऊ लागलं, आणि झालर शिवण्याची मजुरी एकदम खाली आली.

१८९० च्या दशकात अमेरिकेत या सुट्या ब्लाउजची लाटच आली. टंकलेखन करणाऱ्या, टेलिफोनच्या केंद्रात बसणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या मुलींचा तो पोशाख होता. चार्ल्स डेना गिब्सनच्या रेखाचित्रांनी त्याला रूप दिलं: उंच गळा, फुग्याची बाही, पुढे टक्स आणि झालर. तलम सुती कापडाचे ब्लाउज तयार मिळत. ज्या मुलीच्या आईने कधी झालर घातली नसेल, ती मुलगी आता स्वतःच्या पगारातून झालरीचा ब्लाउज घेऊ शकत होती.

तो स्वस्त कसा पडत होता, हे मात्र सांगायलाच हवं. न्यूयॉर्कमध्ये असे ब्लाउज शिवणाऱ्या मुली बहुतेक पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कामगारांच्या सभेत क्लारा लेमलिच नावाची तरुण कामगार उठली आणि यिडिश भाषेत तिने संपाची मागणी केली. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. पुष्कळ कारखान्यांनी कामगार संघटनेशी करार केला. ज्यांनी संघटनेला मान्यता दिली नाही त्यांत ट्रँगल कंपनी होती. २५ मार्च १९११, शनिवार, सुटीची वेळ जवळ आलेली. ट्रँगलच्या कारखान्यात, दहा मजली इमारतीच्या आठव्या मजल्यावर, कापणाऱ्यांच्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या पेटीत ठिणगी पडली. वर कागदाचे आराखडे टांगलेले, भोवती तलम कापडाचे ढीग. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार कापड चोरून नेतील म्हणून ते बंद ठेवत. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. १४६ माणसं गेली, त्यांत १२३ मुली आणि बायका. रस्त्यावरून हे पाहणारी फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेची कामगार मंत्री झाली, आणि मधल्या काळात न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांच्या सुरक्षेचे अनेक कायदे झाले. झालरीच्या ब्लाउजचा इतिहास सांगताना या मुलींना वगळणं मला बरोबर वाटत नाही. रोजच्या कपाटात तो ब्लाउज आला तो त्यांच्या हातांनी.

आता रेशमाकडे येऊ. १८५० आणि ६० च्या दशकांत युरोपातल्या रेशीमकिड्यांवर पेब्रिन नावाचा रोग पडला. त्याचा शोध घ्यायला लुई पाश्चर १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये गेला होता. फ्रान्स-इटलीतलं उत्पादन कोसळलं, आणि १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या योकोहामा बंदरातून जपानी रेशीम पश्चिमेकडे निघालं. १८७२ मध्ये जपान सरकारने तोमिओका इथे कोषांतून रेशमाचा धागा काढणारी, फ्रेंच यंत्रांची गिरणी उभारली. मागोमाग हाबुताई हे हलकं, साधं, सपाट विणीचं रेशमी कापड मोठ्या प्रमाणात निर्यात होऊ लागलं. दरबारी रेशीम जड आणि कडक असे. हाबुताई हातात घेतलं तर जवळपास वजनच लागत नाही. रेशमाचं वजन आजही ‘मोमे’ या जपानी मापात सांगतात. १ मोमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. ८ मोमेचं हाबुताई अस्तराला ठीक. ब्लाउजला १२ ते १६ मोमेचं कापड लागतं.

झालरीसाठी त्याहून मोलाचं कापड क्रेप डी शीन. यात आडव्या धाग्याला, म्हणजे बाण्याला, भरपूर पीळ दिलेला असतो. दोन धागे उजव्या पिळाचे, मग दोन डाव्या पिळाचे. विणून झाल्यावर साबणाच्या गरम पाण्यात रेशमाचा नैसर्गिक डिंक काढतात, त्यात वजन साधारण पाव भागाने घटतं. डिंक गेला की दाबून ठेवलेला पीळ उसळतो आणि कापडाला बारीक कणीदार पोत येतो. असं कापड ताठ उभं राहत नाही, ते खाली पडतं. तीनशे वर्षं झालर उभी ठेवण्यात सगळी मेहनत गेली होती. इथे झालर खाली सोडण्याची सोय झाली, आणि खळ, तापलेल्या सळ्या, धोबीण हे सगळं एकदम अनावश्यक ठरलं.

पॅरिसमध्ये १९१२ साली स्वतःचं शिवणगृह काढणाऱ्या मादलेन व्हिओने हिने या कापडाचा स्वभाव पुरता ओळखला. ती लहान लाकडी बाहुलीवर कापड उरेब, म्हणजे धाग्यांच्या दिशेला तिरकं, धरून, वळवून पाहत असे, आणि विणकरांकडून नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचं क्रेप मागवत असे. उरेब कापात किती जीव आहे हे शिवणाऱ्यांच्या पिढ्यांना तिच्या कामातून कळलं.

गोल कापाच्या झालरीत हाच उरेब लपलेला असतो. समजा गळ्याचा घेर १५ इंच आहे. कागदावर साधारण २.४ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढलं की त्याचा परीघ १५ इंच भरतो. झालर ३ इंच रुंद हवी असेल तर बाहेरचं वर्तुळ ५.४ इंच त्रिज्येचं, आणि त्याचा परीघ सुमारे ३४ इंच. म्हणजे आतल्या काठाला एकही चुणी न घालता बाहेरच्या काठाला दुपटीहून जास्त घेर मिळाला. शिवणीत जाडी नाही, गळ्याशी फुगवटा नाही. शिवाय वर्तुळ फिरताना धाग्याची दिशा बदलत जाते: चार ठिकाणी सरळ धागा, त्यांच्या मधे उरेब. म्हणून लाटा सगळ्या एकसारख्या पडत नाहीत, आणि ते फार देखणं दिसतं. उलट सरळ पट्टीच्या झालरीला काठाच्या दीडपट ते दुप्पट लांबी लागते, अगदी तलम शिफॉन असेल तर तिप्पटही. रोजच्या ब्लाउजला गोल काप, असं माझं स्पष्ट मत आहे. वरून जॅकेट घातलं तरी तो चेमटत नाही.

त्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते. दुसऱ्या महायुद्धात रेशीम पॅराशूटकडे वळलं, नायलॉन आणि मग पॉलिएस्टरने त्याची जागा घेतली. १९६६ मध्ये फ्रेंच वेशभूषाकार इव्ह सॅं लोराँने बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा मेजवानीचा सूट, आणला, तेव्हा आत झालरीचा पांढरा ब्लाउजच होता. १९८१ मध्ये डायनाच्या साखरपुड्याच्या सुमाराच्या छायाचित्रातला गुलाबी शिफॉनचा ब्लाउज आणि त्याच वर्षीच्या लग्नातली झालरीच्या गळ्याची वेशभूषा जगभर पाहिली गेली.

आपल्याकडची वाट वेगळी. चोळी पुढे गाठ मारून बसवायची. तिला ना बटण ना झालर, आणि तिची सगळी शोभा कापडाची. गुळेदगुड्डचा खण उभ्या धाग्यात रेशमाचा, आडव्यात सुताचा. त्याला मुद्दाम सजवायची गरजच नसे. झालर आली ती पोलक्याबरोबर, मुंबईच्या बाजूने. जुन्या छायाचित्रांतल्या पारशी बायकांच्या लांब बाह्यांच्या पोलक्यांना लेस आणि झालर दिसते. १८६४ नंतर पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबई इलाख्यात आलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी साडी नेसण्याची पारशी तऱ्हा इथे पाहिली, आणि पोलकं-परकरासह बदललेलं ते नेसणं पुढे बंगालमध्ये नेलं. शिवण्याचं शिक्षण मात्र संस्थांमधून पसरलं. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग चालले. १९३० च्या दशकात उषाचं देशी यंत्र बाजारात आलं आणि मध्यमवर्गीय घरात बाई स्वतःचा ब्लाउज स्वतः बेतू लागली. मऊ रेशमाचं म्हणाल तर म्हैसूरचा रेशीम विणकाम कारखाना १९१२ पासून क्रेप विणतो आहे.

म्हैसूर क्रेपचा ब्लाउज साडीवर आणि पँटवर दोन्हीकडे चालावा अशी इच्छा असेल, तर पुढच्या गळ्याची मोठी झालर टाळावी. डावी बाजू पदराखाली दबते आणि उजवी एकटीच फुललेली दिसते. बाहीच्या टोकाला, कोपराच्या वर, अडीच इंचाची गोल झालर दोन्ही पोशाखांत मोकळी राहते. बाहीचा घेर गळ्यापेक्षा लहान, म्हणून वर्तुळही लहान, आणि दोन्ही झालरी बहुधा ब्लाउजच्याच उरलेल्या तुकड्यांत बसतात. कापल्याबरोबर आतल्या काठाला बारीक धावदोरा घालून घ्यावा, नाहीतर उरेब भाग हातातच ताणला जातो. सुई ९ नंबरची, टाका बारीक, आणि कापड यंत्रात ओढलं जात असेल तर खाली पातळ कागद धरून टीप मारावी. तो कागद नंतर अलगद फाडून निघतो. काठाला दुकानातली पिको लवकर होते, पण ती गोल झालरीचा काठ किंचित कडक करते. बोटाने गुंडाळून हाताने घातलेली तुरपाई वेळ घेते, आणि क्रेपला तीच शोभते.