जुन्या विंडोजची खरी शेवटची तारीख

क्रोम उघडलं की वर एक पट्टी येते: पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढची विंडोज लागेल, या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे. फुली दाबली की पट्टी जाते आणि पुन्हा कधीतरी हजर होते. सेव्हनवरचं क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली आणि तिथून पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ वाल्यांसाठी.

गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टने सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपवला होता. त्या दिवशी घरोघरी काहीच बिघडलं नाही. मशीन चालू होत होतं, हिशेब होत होते, प्रिंट निघत होती. मोठ्या कंपन्या तर पैसे भरून १० जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेत राहिल्या. ती मुदत संपल्यावर महिन्याभरात गूगलने दार लावलं. मला विचाराल तर जुन्या विंडोजची खरी शेवटची तारीख ब्राउझर ठरवतो. त्याने हात वर केले की संपलं.

ही गोष्ट त्याआधीच्या विंडोज एक्सपीपासून सुरू होते. २५ ऑक्टोबर २००१ ला ती बाजारात आली. कोणत्या सॉफ्टवेअरला किती वर्षं सपोर्ट, याचं धोरण मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये जाहीर केलं आणि २००४ मध्ये व्यवसायासाठीच्या सॉफ्टवेअरला पाच अधिक पाच अशी दहा वर्षं ठरवून दिली. एक्सपी त्याहून जास्त जगली, ८ एप्रिल २०१४ पर्यंत. तिच्यानंतरची विंडोज व्हिस्टा यायला २००७ उजाडलं, म्हणून एक्सपीचं निवृत्तीचं वय वाढलं. शिवाय व्हिस्टा लोकांना आवडली नाही आणि तेव्हाच्या स्वस्त नेटबुकांना, म्हणजे छोट्या लॅपटॉपना, ती झेपतही नव्हती, म्हणून एक्सपीची विक्रीही लांबत गेली.

मराठीवाल्यांचा एक्सपीवर जीव असण्याचं आणखी एक कारण आहे. अनेकांनी पहिल्यांदा युनिकोड देवनागरी, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी, टाइप केली ती तिच्यावर. कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, भाषांच्या टॅबवर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करायची, की मशीन एक्सपीची सीडी मागायचं. सीडी बहुधा विकणाऱ्याकडेच राहिलेली. ती मिळाली, मशीन रीस्टार्ट केलं, की इतका वेळ ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे दाखवणारी वेबसाइट एकदम शुद्ध मराठी बोलू लागायची. विंडोजचा देवनागरीचा मंगल फॉन्ट बघून तेव्हा झालेला आनंद आज त्या फॉन्टकडे बघून समजणार नाही.

या एक्सपीला सोडून जाणाऱ्यांत सगळ्यात आधी कोण होतं? खुद्द मायक्रोसॉफ्ट. २०११ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ९ पानावरची चित्रं आणि अक्षरं ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेत असे. त्यासाठी लागणारी सोय एक्सपीत नव्हती, म्हणून अधिकृत सपोर्टची तीन वर्षं शिल्लक असतानाच तिला नवा ब्राउझर मिळणं बंद झालं. मग प्रोग्राम बनवायचं मायक्रोसॉफ्टचंच अवजार, व्हिज्युअल स्टुडिओ २०१२, आलं, तर त्यात बनवलेला प्रोग्राम एक्सपीवर चालेना. प्रोग्रामरांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी पहिल्या अपडेटमध्ये ती सोय परत द्यावी लागली. सामान्य माणसाला न दिसणारी खरी मेख हीच. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ‘जुन्यांना बाहेर काढा’ असं ठरवलेलं नसतं. त्याच्या हातातलं अवजारच नवं येतं.

तिसरा धक्का कुलपांचा, म्हणजे वेबसाइटशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीचा. एकाच सर्व्हरवर शंभर वेबसाइट असतील, तर त्यातली कोणती हवी हे ब्राउझरने सुरुवातीलाच सांगायची पद्धत आली. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच जमली नाही. त्यामुळे एकेक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागली. क्रोम आणि फायरफॉक्स ही यंत्रणा स्वतःबरोबर आणत, त्यांच्या जोरावर एक्सपी तगली. क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये सोडलं, फायरफॉक्सने २०१८ मध्ये.

दरम्यान मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आला आणि मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीही फुकट दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा सगळ्यांनी एक्सपीच्या नावाने बोटं मोडली, पण सापडलेली बहुतेक मशीन सेव्हनची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, कुणी बसवली नव्हती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना तारखा बांधून दिल्या: जुनी सिस्टिम असलेली २५ टक्के एटीएम सप्टेंबरपर्यंत बदला, सगळी जून २०१९ पर्यंत. म्हणजे एक्सपी अधिकृतपणे जाऊन चार वर्षं झाली तरी आपण तिच्याकडूनच पैसे काढत होतो.

सेव्हनच्या वेळी तर एका क्रोममागे रांगच लागली, कारण आता बरीच सॉफ्टवेअरं आतून क्रोमच असतात. इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यात बनणारे चॅटचे आणि नोट्सचे प्रोग्राम घ्या. इलेक्ट्रॉनने २३ व्या आवृत्तीत सेव्हन सोडली, की त्या साच्यातल्या नव्या आवृत्त्याही गेल्या. स्टीम या गेमच्या दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून सेव्हन बंद केली आणि कारण सरळ सांगितलं: आमच्या आत बसवलेलं क्रोम तिच्यावर चालत नाही. गेम चालत होते तरी सुक्याबरोबर ओलंही जळालं.

माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने यातून वाट काढली आहे. लग्नपत्रिकांचं वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टात. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मशीनमागे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लागतो आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही. पेजमेकरची तर ७.० नंतर मोठी आवृत्तीच आली नाही. म्हणून कोपऱ्यात एक्सपीचं मशीन आहे. त्याची नेटची केबल काढून वर गुंडाळून ठेवलेली, आणि फाइल पेन ड्राइव्हवरून शेजारच्या मशीनवर जाते. ब्राउझरच नाही, तेव्हा त्याने हात वर करण्याचा प्रश्नही नाही.

आता पाळी विंडोज १० ची. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत, त्यामुळे धडधाकट मशीनही अडकली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेण्याची सोय आहे. पण मायक्रोसॉफ्टने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: विंडोज १० वरच्या एज ब्राउझरला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळतील. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर चिकटपट्टीने तीच तारीख लावली आहे.