पार्श्वभूमी : साथीनंतर शाळा भरतात तेव्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर येऊन मुलं तपासत. खुपऱ्या, खरूज, उवा असं काही आढळलं की मुलाला घरी पाठवलं जाई. घरी उपचार करणारं कोणी नसे, त्यामुळे अनेक मुलं परत यायचीच नाहीत. 1902 मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेकडे चार शाळा सोपवल्या गेल्या. किरकोळ आजारांवर त्या शाळेतच उपचार करत, बाकीच्या मुलांच्या घरी जात. गैरहजेरी झपाट्याने घटली. शाळा सुरक्षितपणे उघडण्याचा इतिहास मला इथूनच सुरू झालेला दिसतो.

कारण 1918 च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कने याच व्यवस्थेच्या बळावर त्या चालू ठेवल्या. दाटीवाटीच्या घरांपेक्षा मूल शाळेत बरं, तिथे रोज सकाळी ते कोणाच्या तरी नजरेखालून जातं, असं आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं होतं. हा निर्णय वादग्रस्तच आहे. शाळाबंदीसह अनेक निर्बंध लवकर लावून ते टिकवणाऱ्या शहरांत मृत्यू कमी झाले, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. खेळत्या हवेचं महत्त्वही जुनंच: 1904 मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये अशक्त मुलांसाठी रानातली उघडी शाळा भरू लागली होती.

शाळा पुन्हा उघडण्याच्या आजच्या नियमावल्यांचा खरा साचा मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला या जीवघेण्या विषाणूच्या साथीने घडवला. 2015 मध्ये जानेवारीत गिनी, फेब्रुवारीत लायबेरिया आणि एप्रिलमध्ये सिएरा लिओन, अशा क्रमाने शाळा उघडल्या. फाटकावर ताप मोजणं, हात धुण्याची सोय, आजारी मुलाला वेगळं बसवण्याची जागा, शिक्षकांचं प्रशिक्षण, हे सगळं तेव्हा शाळेच्या रोजच्या कामात आलं. पण त्याच वेळी सिएरा लिओनने गर्भवती मुलींना नेहमीच्या वर्गात बसायला बंदी केली. शाळा बंद असताना कोवळ्या वयात मातृत्व लादलं गेलेल्या अनेक मुली होत्या आणि दार नेमकं त्यांच्यासाठीच बंद राहिलं. हा उघड अन्याय होता. ही बंदी उठायला मार्च 2020 उजाडला, तोवर कोविडमुळे शाळा पुन्हा बंद व्हायच्या बेतात होत्या.

कोविडच्या पहिल्या लाटेत जगभरातल्या सुमारे 160 कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांना टाळं लागलं. डेन्मार्कने 15 एप्रिल 2020 पासून आधी लहान मुलांना बोलावलं, त्यांचे छोटे गट केले आणि शक्य तिथे वर्ग बाहेर भरवले. इस्रायलमध्ये मे महिन्यात शाळा उघडल्यावर उष्णतेच्या लाटेत मास्कची सक्ती काही दिवस उठवली गेली, त्याच सुमारास जेरुसलेममधल्या एका शाळेत मोठा संसर्ग पसरला.

बहुतेक देशांच्या नियमावल्यांत हात धुणं अगदी वरच्या क्रमांकावर होतं. 2019 मध्ये, म्हणजे साथीच्या आदल्या वर्षी, जगातल्या 43 टक्के शाळांत हात धुण्यासाठी साबण आणि पाण्याची प्राथमिक सोय नव्हती.