फिर्यादीत सोनं, पंचनाम्यात पिवळा धातू

घरफोडीच्या फिर्यादीत लिहिलेलं असतं : 'कपाटातील सोन्याचे मंगळसूत्र चोरीस गेले.' पुढे आरोपीकडे मंगळसूत्र सापडतं, तेव्हा जप्ती पंचनाम्यात येतं : 'पिवळ्या धातूचे, काळे मणी असलेले मंगळसूत्र.' नव्या पोलीस अंमलदाराला ही विसंगती वाटते आणि तो पंचनाम्यातही 'सोन्याचे' लिहून टाकतो. चूक तिथेच होते. फिर्यादीला आपला दागिना सोन्याचा आहे हे माहीत असतं. पंचांना फक्त रंग, घडण आणि वजन दिसतं.

फिर्याद हे माहिती देणाऱ्याचं सांगणं. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवली जाते. तोंडी माहिती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. तिच्यातला 'मी' फिर्यादी असतो, लिहिणारा पोलीस नव्हे. म्हणून फिर्यादी बाई म्हणाल्या, 'लाल शर्टातला एक पोरगा आणि आणखी एक जण पळताना दिसले', तर तेच लिहावं. त्याचं 'दोन अनोळखी इसमांनी संगनमत करून' केलं, की उलटतपासात 'संगनमत म्हणजे काय?' असं वकील विचारतात आणि बाई गप्प होतात. स्वतः पाहिलेलं कोणतं, शेजाऱ्यांनी सांगितलेलं कोणतं, हेही वेगळं कळलं पाहिजे. घटनेची वेळ आणि ठाण्यात माहिती मिळाल्याची वेळ या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. मध्ये उशीर झाला असेल तर त्याचं खरं कारण लिहावं, मग ते 'आधी नातेवाइकांकडे चौकशी केली' इतकं साधं असलं तरी चालतं.

पंचनाम्यात मात्र कोण काय म्हणालं याला जागा जवळजवळ नाही. घराची चतुःसीमा, दरवाजाची दिशा, उचकटलेला कडी-कोयंडा, कपाटातलं अस्ताव्यस्त सामान. गुन्हा रात्रीचा असेल तर रस्त्यावरचा दिवा किती अंतरावर आहे, हे मोजून लिहावं. आरोपीचा चेहरा ओळखू आला की नाही, हा वाद पुढे त्याच दिव्यावर येऊन थांबतो. फरशीवर डाग असेल तर 'रक्तासारखा दिसणारा लालसर डाग' म्हणावं. ते रक्त आहे का, हे प्रयोगशाळा सांगेल. पंचनामा सुरू आणि पूर्ण झाल्याची वेळ घालावी. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता याच संहितेच्या कलम १०५ नुसार करावं लागतं, त्यामुळे कागदावरचा क्रम आणि चित्रीकरणातला क्रम जुळलाच पाहिजे. ठाण्यात बसून जुन्या मजकुरात नाव-पत्ता बदलून केलेला पंचनामा तिथेच उघडा पडतो, आणि पडावाच.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फिर्यादी घटनास्थळी जागा दाखवत असतो तेव्हा. 'चोर या खिडकीतून उतरला' हे वाक्य सहज पंचनाम्यात शिरतं. पण तपासात पोलिसांना सांगितलेली गोष्ट याच संहितेच्या कलम १८१ मुळे, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १६२ मुळे, सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तोरी सिंग खटल्यात नकाशावरच्या खुणेलाही हाच नियम लावला : साक्षीदारांच्या सांगण्यावरून केलेली खूण ग्राह्य नाही. पंचनाम्यात खिडकीचे वाकलेले गज येतील, कोण कुठून उतरलं ते फिर्यादीच्या जबाबात जाईल.

अपवाद आहे तो निवेदन पंचनाम्याचा. आरोपी 'दागिना लपवलेली जागा दाखवतो' म्हणाला आणि तिथे दागिना मिळाला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग चालतो. तो आरोपीच्याच शब्दांत हवा. 'मी चोरी केली' ही कबुली त्याला चिकटवून काही मिळत नाही.

नंतर काही सुचलं तर दोन्हींची वाट वेगळी. फिर्यादीला आणखी एक अंगठी आठवली तर पुरवणी जबाब घ्यावा, मूळ फिर्यादीला हात लावू नये. घटनास्थळी एखादी वस्तू नजरेतून सुटली असेल तर पुन्हा पंच बोलवावेत, पुन्हा जावं आणि त्या दिवसाची तारीख-वेळ घालून नवा पंचनामा करावा.