गालिचा धुणाऱ्या यंत्रात पंपापर्यंत पाणी कसे पोहोचते?

गालिचे धुण्याचे, चाकांवर ढकलत कुठेही नेता येणारे यंत्र उघडून पाहिले, तर आत दोन टाक्या, एक व्हॅक्यूम मोटर आणि एक लहानसा पंप आढळतो. पंप स्वच्छ टाकीतले पाणी दाबाने नोझलकडे पाठवतो, तर तंतूंत मुरलेले मळके पाणी व्हॅक्यूम मोटर हवेच्या झोताबरोबर दुसऱ्या टाकीत खेचून घेते. पंप किती दाब देतो, हे खरेदी करताना सगळे विचारतात. पण यंत्र अडते ते पुष्कळदा पंपाच्या अलीकडे, टाकीपासून पंपापर्यंतच्या हातभर नळीत.

या यंत्रांत बहुधा डायफ्रॅम पंप असतो. त्यातला लवचिक पडदा मागे सरला की कप्प्यातला दाब उतरतो आणि एका झडपेतून पाणी आत शिरते. पडदा पुढे आला की ती झडप मिटते आणि दुसरी उघडून पाणी बाहेर पडते. १०० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) पंप वातावरणाच्या जवळजवळ सातपट दाब निर्माण करतो आणि काही व्यावसायिक यंत्रांत हा आकडा ५००पर्यंत जातो.

पाणी आत घेताना मात्र पंपाला जास्तीत जास्त एका वातावरणाचाच दाब उपलब्ध असतो. पंप पाणी ओढतो असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात तो केवळ कप्प्यातला दाब कमी करतो आणि टाकीतल्या पाण्यावरची हवा ते पाणी आत लोटते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले, तर भरल्या टाकीतूनही फवारा मंदावतो, तो याच कारणाने.

गरम पाण्याने ही अडचण आणखी वाढते. पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला पाणी ज्या दाबावर उकळू लागते तो दाब, २० अंश सेल्सिअसला सुमारे २.३ किलोपास्कल असतो. ६० अंशांना तो सुमारे २० आणि ९० अंशांना सुमारे ७० किलोपास्कल होतो, तर समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब असतो १०१. पंपाच्या तोंडाशी दाब बाष्पदाबाच्या खाली उतरला की पाणी तिथेच उकळू लागते, कप्प्यात बुडबुडे भरतात आणि पंप खडखडतो. म्हणूनच हीटर असलेल्या यंत्रांत तो सहसा पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसवतात. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते.

टाकी पूर्ण कोरडी झाली, तर नळीत हवा शिरते. मग मोटर फिरत राहते, पण पंप पाणी उचलत नाही. पाणी दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पडदा हलतो तेव्हा अडकलेली हवा जागच्या जागी आकुंचन पावते आणि प्रसरण पावते, आणि पलीकडे दाबाखाली असलेले पाणी बाहेरची झडप मिटूनच ठेवते. अशा वेळी नोझलचा खटका दाबून धरला की पुढचा दाब ओसरतो आणि हवेला वाट मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर पंपाच्या निर्गमनाला यंत्राचीच व्हॅक्यूम नळी क्षणभर लावतात. दोन्ही झडपा प्रवाहाच्या दिशेने उघडणाऱ्या असल्यामुळे व्हॅक्यूम त्यांना विनासायास उघडतो आणि टाकीतले पाणी पंपातून पुढे येते.

टाकीच्या तळाशी असलेल्या जाळीत केस आणि तंतू साचले, तर लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात, तेव्हा पंप खोलण्याआधी ती धुऊन पाहावी. साबणाचे पाणी पंपात वाळले, तर झडपांवर थर धरतो आणि त्या घट्ट मिटत नाहीत. म्हणून काम संपल्यावर थोडे साधे पाणी पंपातून सोडतात.