सेन्सर तोच, मग सूचना का नाही?

गेल्या दिवाळीत मामांनी माझ्यासमोर मनगट धरले आणि म्हणाले, "यात माझं बीपी कुठं दिसतं, ते दाखव बघू." ते घड्याळ माझा मामेभाऊ अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. त्याने स्वतःसाठी नवे घेतले आणि तीन वर्षे वापरलेले वडिलांच्या हातावर बांधले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत स्मार्टवॉच असेच येते: मुलाकडून वडिलांकडे, सुनेकडून सासूबाईंकडे. त्यामुळे घरातले सर्वांत जुने घड्याळ बहुधा घरातल्या सर्वांत वयस्कर मनगटावर असते, आणि रक्तदाब वाढत असल्याचा इशारा वेळेवर मिळायला हवा तोही याच मनगटाला. मी फोनवरची आरोग्याची नोंदवही उघडून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नाडी होती, झोप होती, पावले होती. रक्तदाबाच्या सूचनेची ओळच नव्हती.

घड्याळ बिघडलेले नव्हते आणि त्याचे सॉफ्टवेअरही अद्ययावत होते. तरीही नवी सोय त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. "आता जुने झाले ते" एवढे उत्तर मला पुरेसे वाटले नाही, म्हणून हा प्रश्न ॲपल वॉचच्या उदाहरणावरून नीट उलगडून पाहावा असे ठरवले. कारण त्याच्या प्रत्येक पिढीत कोणते भाग बसवले आणि कोणती सोय कोणत्या पिढीपर्यंत मागे गेली, हा तपशील जाहीर आहे.

आधी घड्याळ पाहते काय, ते समजून घेऊ. रात्री दिवे मालवल्यावर असे घड्याळ मनगटावरून किंचित उचलले, तर त्याच्या पाठीवर हिरवे दिवे झरझर लुकलुकताना दिसतात. रक्त लाल दिसते, कारण ते लाल प्रकाश परतवते आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत क्षणभर रक्त वाढते, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये याच्या उलट घडते. दिव्यांशेजारचे प्रकाशग्राहक हा चढउतार टिपतात. त्याची रेषा काढली तर दर ठोक्याला एक लाट मिळते, आणि लाटा मोजल्या की नाडी कळते.

या लाटेला आकारही असतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्या आकाराची आहे. ती झपकन वर चढते, सावकाश उतरते आणि उतरताना तिच्यावर एक लहानसा दुसरा उंचवटा दिसतो. हृदयाने ढकललेली रक्ताची लाट शरीरातल्या दूरच्या वाहिन्यांवर आपटून मागे फिरते, आणि तिची खूण या उतारावर उमटते. रक्तवाहिन्या लवचीक असतील तर परतणारी लाट जरा उशिरा येते. वयाने किंवा दीर्घकाळच्या वाढलेल्या दाबाने त्या ताठरल्या असतील तर ती लवकर येऊन पहिल्या लाटेत मिसळते आणि उंचवटा पुसट होतो. म्हणजे रक्तदाब प्रत्यक्ष मोजला नाही तरी त्याच्या दीर्घ परिणामाची पुसट सही या लाटेवर असते. ती वाचणे मात्र अवघड आहे, कारण पट्टा किती घट्ट आहे, हात गार आहे की गरम, त्वचेत रंगद्रव्य किती आहे, अशा साध्या गोष्टींनीही लाटेचा आकार बदलतो. एका लाटेवरून, किंवा एका दिवसाच्या लाटांवरूनही, काही ठरवता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली उच्च रक्तदाबाची सूचना याच तत्त्वावर चालते. घड्याळ ३० दिवसांच्या नोंदी पाठीमागे शांतपणे तपासते आणि त्यांत सातत्याने उच्च रक्तदाबाची चिन्हे दिसली तर सूचना देते. ते दाबाचा आकडा सांगत नाही. सूचना मिळाल्यावर सात दिवस दंडावरच्या पट्ट्याच्या साध्या यंत्राने दाब मोजून नोंदवावा आणि त्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात, असा सल्ला ते देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि या आजारात बहुतेकांना बराच काळ काहीच जाणवत नाही. अशा आजारासाठी मनगटावरचा पहारेकरी ही क्षुल्लक सोय नव्हे, आणि ती कोणाला मिळते हा प्रश्नही क्षुल्लक नाही.

ॲपल वॉचच्या पिढ्या सिरीज १, २, ३ अशा क्रमांकांनी ओळखल्या जातात, आणि अल्ट्रा ही त्यांच्या जोडीची महागडी मालिका आहे. ही सूचना मिळते सिरीज ९ आणि त्यापुढच्या, तसेच अल्ट्रा २ आणि त्यापुढच्या घड्याळांना. सिरीज ८ ला मिळत नाही. कंपनीच्याच तपशीलपत्रकात सिरीज ६ पासून सिरीज ९ पर्यंत सगळ्या घड्याळांत 'तिसऱ्या पिढीचा' प्रकाशीय हृदय-सेन्सर असल्याचे नमूद आहे. म्हणजे प्रकाश टाकणारा आणि टिपणारा भाग एकाच पिढीचा, पण एकाला सूचना आहे आणि दुसऱ्याला नाही.

सिरीज ८ आणि सिरीज ९ यांत मोठा फरक आहे तो चिपचा. २०२३ च्या एस९ चिपमध्ये ५.६ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत, आधीच्या चिपपेक्षा ६० टक्के अधिक, आणि मशीन लर्निंगची, म्हणजे नोंदींतले नमुने ओळखण्याची, गणिते करणारा चार गाभ्यांचा स्वतंत्र विभाग आहे. याच्या जोडीला २०२५ चे एसई ३ ठेवून पाहिले की चित्र बरेच स्पष्ट होते. या स्वस्त घड्याळात चिप नवी, एस१० आहे, पण प्रकाशीय सेन्सर दुसऱ्या पिढीचा आहे. त्याला झोपेत श्वास अडखळण्याची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची सूचना मिळते. उच्च रक्तदाबाची मिळत नाही. स्लीप ॲप्नियाची सोय प्रकाशावर चालत नाही. झोपेत श्वासाबरोबर मनगटाची जी अतिसूक्ष्म हालचाल होते, ती ॲक्सिलरोमीटर टिपतो आणि तीतले अडथळे मोजले जातात. तेव्हा चिप नवी असणे श्वासाच्या सूचनेला पुरले, रक्तदाबाच्या सूचनेला पुरले नाही. तिथे चांगला प्रकाशीय सेन्सरही लागला. आणि सिरीज ८ मध्ये तो सेन्सर असूनही चिप जुनी, म्हणून त्याला या दोन्हींपैकी एकही सूचना नाही. याउलट २०२५ मध्येच आलेले झोपेचे गुणांकन सिरीज ६ पर्यंत मागे पोहोचले, कारण तो आधीपासून जमा होणाऱ्या नोंदींचा हिशेब आहे. त्यासाठी नव्या मोजमापाची गरज नाही.

इथेच थांबून "चिप जुनी म्हणून नाही" असा निकाल देता आला असता, पण तो पुरता टिकत नाही. रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या सोयीचे अमेरिकेत काय झाले ते पाहा. मासिमो या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादामुळे १८ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या सिरीज ९ आणि अल्ट्रा २ मध्ये ही सोय बंद ठेवावी लागली. २०२० मध्ये घेतलेल्या सिरीज ६ मध्ये ती सुरू आणि दुकानातून आजच आणलेल्या नव्याकोऱ्या घड्याळात नाही, अशी उलटी स्थिती जवळपास दीड वर्ष राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती परत आली ती वेगळ्या रूपात: मोजणी घड्याळ करते, पण त्यावरचे गणित जोडलेल्या आयफोनमध्ये होते. मनगटावर जमलेल्या नोंदींचे गणित खिशातल्या फोनने करणे शक्य आहे, हे त्यातून उघड दिसते. मग ३० दिवसांनी एकदा काढायच्या निष्कर्षासाठी घड्याळातलीच चिप नवी हवी, हे कारण एकटे पुरेसे वाटत नाही.

माझ्या मते खरे वजन आहे ते पुराव्याचे. आरोग्याची अशी सूचना देणारे सॉफ्टवेअर हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या लेखी वैद्यकीय उपकरण असते आणि त्याला मान्यता मिळते ती तपासलेल्या यंत्रांसह. रक्तदाबाच्या सूचनेसाठी एक लाखाहून अधिक लोकांच्या नोंदींवर गणिती प्रारूप घडवले गेले आणि नंतर दोन हजारांहून अधिक लोकांवर ते पडताळले गेले. त्या पडताळणीत काय आढळले ते लक्षपूर्वक वाचायला हवे. उच्च रक्तदाब असलेल्या शंभरांपैकी सुमारे ४१ जणांनाच सूचना मिळाली. ज्यांना तो नव्हता अशा शंभरांपैकी सुमारे ९२ जणांच्या बाबतीत घड्याळ योग्य रीतीने गप्प राहिले आणि आठेक जणांना मात्र विनाकारण इशारा गेला. निम्म्याहून अधिक रुग्ण निसटतात हे वाचून निराशा होईल, पण ही तडजोड जाणूनबुजून केलेली आहे: इशारा सैल ठेवला तर लक्षावधी निरोगी माणसे घाबरून दवाखान्यात जातील. ही रेघ इतकी काळजीपूर्वक ओढलेली असते की सेन्सरची मांडणी, मोजणीची वारंवारता किंवा घड्याळाची पाठ थोडी जरी बदलली, तरी दोन्ही आकडे सरकू शकतात. म्हणून जुन्या पिढीला ही सोय द्यायची तर त्या पिढीच्या घड्याळांवर पुन्हा माणसे बसवून पुन्हा पडताळणी करावी लागते.

असे आधी घडले आहे, आणि ते उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने ॲपलच्या आर्थिक साह्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये एक अभ्यास सुरू केला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते थरथरू लागतात, त्या एट्रियल फिब्रिलेशनचा सुगावा घड्याळाच्या हिरव्या प्रकाशावरून लागतो का, हे त्यात तपासायचे होते. ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले आणि त्यांतल्या सुमारे अर्ध्या टक्क्याला सूचना मिळाली. त्या काळात लोकांच्या हातावर सिरीज १, २ आणि ३ होत्या. पुरावा गोळा झाला तो त्यांच्यावर. डिसेंबर २०१८ मध्ये अनियमित लयीची सूचना अमेरिकेत सर्वांसाठी सुरू झाली तेव्हा ती थेट सिरीज १ पर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षे जुन्या घड्याळांपर्यंत पोहोचली. त्याच दिवशी आलेला ईसीजी मात्र फक्त सिरीज ४ ला मिळाला, आणि ते अटळ होते. ईसीजीसाठी हृदयाचा विद्युत संकेत हवा; त्यासाठी तो टिपणारे एक अग्र (इलेक्ट्रोड) घड्याळाच्या पाठीवर आणि दुसरे बाजूच्या मळसूत्री बटणावर लागते. दुसऱ्या हाताचे बोट त्यावर टेकवले की दोन्ही हात आणि मधले हृदय मिळून मंडल पूर्ण होते. सिरीज ३ मध्ये ती अग्रेच नव्हती. कोणतेही सॉफ्टवेअर ती उगवू शकत नाही.

मान्यता देशागणिक वेगळी लागते, ही आणखी एक अडचण. अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये आलेला ईसीजी भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. तेच घड्याळ, तीच अग्रे, फक्त मधले नऊ महिने वेगळे. बॅटरीचा मुद्दाही आहे. या घड्याळांची बॅटरी साधारण एक हजार पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशा बेताने बनवलेली असते, म्हणजे रोज एकदा चार्ज केले तर तीन वर्षांच्या आतच ती थकू लागते. ज्या सोयीसाठी घड्याळ रात्रभर हातावर राहायला हवे, तिथे थकलेली बॅटरी आड येते.

आणि व्यापाराचे कारण नाही असे मी म्हणणार नाही. नवी सूचना हे नवे घड्याळ विकण्याचे कारण असते, आणि जुन्या घड्याळावर पडताळणी करण्याचा खर्च करून कंपनीला विक्री मिळत नाही. ईसीजीसारख्या ठिकाणी भौतिकशास्त्रच आडवे येते. श्वासाच्या आणि रक्तदाबाच्या सूचनेत पुरावा आणि त्याचा खर्च आडवा येतो. ग्राहकाला मात्र दोन्ही वेळी एकच दिसते: यादीतली गैरहजर ओळ. माझी मागणी साधी आहे. सोय ज्या पिढीला दिली नाही, तिच्या नावापुढे कारण लिहावे: सेन्सर नाही, की चाचणी केलेली नाही. दुसऱ्या कारणाला उपाय असतो, आणि तो करण्याचा आग्रह मग डॉक्टरांना, ग्राहक संघटनांना आणि आपल्यालाही धरता येतो.

जुन्या घड्याळाजवळ जे आहे ते सहसा जात नाही. सिरीज ४ आणि ५ ला २०२४ पासून नवी प्रणाली मिळत नाही, पण त्यांच्यावरचा ईसीजी अजून निघतो. मामांना मी हेच समजावले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दंडावर बांधायचे बीपीचे मशीन आणले. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाआधी, पाच मिनिटे खुर्चीला पाठ टेकून स्वस्थ बसल्यावर, हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर ठेवून, असे दिवसातून दोनदा मोजायचे. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मामींनी रकाने आखले. सातव्या दिवशी ती वही घेऊन दोघे डॉक्टरांकडे गेले, तेव्हा चौदापैकी अकरा नोंदींत वरचा आकडा १४० च्या पुढे होता.