खाऱ्या पाण्यातली कोळंबी शेती: नोंदणी कोणाला लागते, कागद कोणते जोडायचे

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, कोळंबीचं तळं घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो अनुदान किती मिळणार. त्याआधी नोंदणीचं बघा. कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटी कायदा 2005 सालचा, 2023 मध्ये सुधारलेला. समुद्र, खाडी किंवा नदीच्या भरतीरेषेपासून 2 किलोमीटरच्या पट्ट्यात खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात कोळंबी, मासे वा इतर जलचर वाढवायचे असतील तर या प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे. कार्यालय चेन्नईला, पण त्यासाठी चेन्नई गाठावी लागत नाही. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या तळ्यांना हा कायदा लागू नाही.

पात्रतेत माणसापेक्षा जमीन जास्त तपासली जाते. जमीन स्वतःची असो की भाडेपट्ट्याची, ती कुठे आहे हे महत्त्वाचं. पिकाची शेतजमीन, मिठागर, कांदळवन, वनजमीन, पाणथळ, गावाच्या सामाईक वापराची जागा यांचं कोळंबी तळ्यात रूपांतर करता येत नाही. महाराष्ट्रात कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. म्हणून पैसे गुंतवण्याआधी आपला गट नंबर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशावर कुठे पडतो ते पाहून घ्या. शेजारी चार तळी बिनानोंदणीची चालू आहेत, हा काही पुरावा होत नाही.

कागद तसे नेहमीचेच: ताजा सातबारा, जमीन दुसऱ्याची असेल तर भाडेकरार, ओळखपत्र, गट नंबर दाखवणारा नकाशा आणि तळ्यांचा आराखडा. आराखड्यात पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार हे स्पष्ट दाखवा. सोडलेलं पाणी शेजारच्या शेतात किंवा विहिरीत मुरणार नाही ना, हे पाहणीला आलेले अधिकारी विचारतातच.

अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. जागेची पाहणी होते आणि प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जातं. क्षेत्र 2 हेक्टरच्या वर असेल तर किनाऱ्याच्या पर्यावरणाला धोका नाही याची वेगळी चौकशी होते. तेवढा वेळ हाताशी ठेवा. व्हनामी जातीची कोळंबी करणार असाल तर अर्जात तसं नमूद करा. या परदेशी जातीला 2009 मध्ये परवानगी मिळाली ती अटींसह, आणि तिचं बीज प्राधिकरणाची मान्यता असलेल्या हॅचरीतूनच (बीज तयार करणाऱ्या केंद्रातूनच) घ्यावं लागतं. बिल जपून ठेवा. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान अशी बंदी घातलेली प्रतिजैविकं तळ्यावर सापडली तर नोंदणीच धोक्यात येते.

प्रमाणपत्र 5 वर्षांचं असतं, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी करायचा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना 60 टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्या फाइलसाठी प्रकल्प अहवाल, दरपत्रकं आणि जातीचा दाखला लागेल. प्रमाणपत्र हाती आलं की त्याची प्रत त्याच फाइलला लावून टाका.